उपकरणांची साक्ष

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीनची बुरशी पोलादी टाक्यांतून वाढू लागली, तेव्हा टाकीतील उष्णतामान, आम्लता आणि निर्जंतुक हवेचा पुरवठा अहोरात्र मर्यादेत राखणे ही येथील कारखानदारीची नित्याची गरज होऊन बसली. पुढे कासारवाडीस फोर्ब्स मार्शल, चिंचवडास थरमॅक्स अशा वाफेच्या व्यवसायातील कंपन्यांनी बस्तान बसविले, मांजरीस वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली. आणि या साऱ्यांच्या आश्रयाने पुण्यात जो पेशा रुजला, तो इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियरचा.

मोजावे, इष्ट मूल्याशी ताडावे आणि झडपेस हुकूम द्यावा, एवढेच त्याचे सूत्र. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनास गव्हर्नर जोडला आणि मॅक्सवेलने १८६८ साली अशा यंत्रणेच्या स्थैर्याचे गणित मांडले, तेव्हापासून ते बदललेले नाही. परंतु या पेशाचे खरे मर्म, माझ्या मते, हुकमात नसून साक्षीत आहे. कारण ज्या आकड्यावर हुकूम निघावयाचा, त्याची रुजवात घालणे हेच या माणसाचे आद्य कर्तव्य.

यासाठी केलेली एक योजना मला फार सुंदर वाटते. ट्रान्समीटर आपले मापन ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाहाने कळवितो; शून्य मापनास ४, निम्म्यास १२ आणि पूर्ण मापनास २०. शून्यासाठी शून्यच प्रवाह का नाही? कारण तार तुटली तरीही प्रवाह शून्यच होईल, आणि ‘टाकी रिकामी आहे’ व ‘साक्षीदारच बेपत्ता आहे’ या दोन वार्तांतील भेद नाहीसा होईल.

मात्र उपकरण सच्चे असूनही साक्ष भुलविणारी ठरते, असाही प्रसंग येतो. साखर कारखान्याच्या बॉयलरवरील वाफेची मागणी एकाएकी वाढली, म्हणजे ड्रममधील दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात घटत असताना पातळी मात्र चढलेली दिसते. केवळ पातळीवर विश्वासणारा कंट्रोलर अशा वेळी नेमकी पाण्याचीच झडप मिटू लागतो. म्हणून पातळीच्या जोडीस वाफेचा प्रवाह आणि पाण्याचा प्रवाह अशा आणखी दोन मापनांची जबानी घेतली जाते. थ्री-एलिमेंट कंट्रोल म्हणतात ते हेच.

वाफेच्या प्रवाहाचा ट्रान्समीटर तपासावयाचा झाला, की इंजिनियर प्रथम कंट्रोल रूममध्ये विचारतो, “काका, लूप मॅन्युअलवर घेतलाय ना?” झडपेचा ताबा कंट्रोलरकडून माणसाकडे आल्याचा होकार मिळाल्यावाचून तो पान्यास हात लावीत नाही. हा ट्रान्समीटर दोन बाजूंच्या दाबांतील फरकावरून प्रवाह मोजतो; म्हणून त्याच्या मॅनिफोल्डची, म्हणजे झडपांच्या संचाची, एका बाजूची झडप मिटून तो मधली समकारी झडप उघडतो. दोन्ही बाजूंस सारखाच दाब झाला, की मीटरवर ४ मिलिअँपिअर यावयास हवेत. ४.१ आले, तर ते सुधारून दप्तरी नोंद होते. बगॅसच्या धुळीत आणि वाफेच्या उकाड्यात उभे राहून दशांशाचा हा आग्रह धरणे सोपे नाही, आणि त्याबद्दल मला या मंडळींविषयी नितांत आदर वाटतो.

सर्वांत शेवटचा पहारा इंटरलॉकचा. पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले, की इंधन बंद झालेच पाहिजे. एका बिघडलेल्या उपकरणामुळे बॉयलर विनाकारण थांबू नये आणि खरा धोकाही निसटू नये, म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी तीन उपकरणे बसवून त्यांपैकी दोघांचे एकमत ग्राह्य धरतात. गळीत हंगाम ऐन भरात असतो, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि वारंवार अडणारा हा पहारेकरी जंपर लावून तात्पुरता गप्प करावा, असा आग्रह होऊ लागतो. तो आग्रह मोडून काढण्याचे बळ कनिष्ठ इंजिनियरला एकट्याने कोठून यावे? त्याच्या पाठीशी कारखान्याचा लेखी नियम हवा.

कारखान्याच्या चालकांस माझी विनंती एवढीच, की इंटरलॉक असा गप्प करण्याच्या प्रत्येक बायपासची नोंद लेखी, सहीनिशी आणि मुदतीसह ठेवावी, आणि हंगाम संपल्यावर कॅलिब्रेशनसाठी लागणारे दिवस दुरुस्तीच्या वेळापत्रकातून कापू नयेत.