कसोटीवरची रेघ आणि कर्करोगाचं जनुक

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर पसरलेत. केरळ असो की बंगाल, सराफ बाजारामागच्या बोळात मोडीचं सोनं आटवून शुद्ध करणारा माणूस अनेकदा याच दुष्काळी पट्ट्यातला निघतो. अनोळखी सोनं समोर आलं की जुनी रीत ठरलेली: काळ्या कसोटीवर त्याची रेघ ओढायची, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची ओढायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या.

कर्करोगाची जनुकं हाती लागू लागली तेव्हा शास्त्रज्ञांनीही काहीसं असंच केलं. जनुक सापडलं म्हणून ते पेशीत काय काम करतं हे कळत नाही. जनुकाबरहुकूम पेशी प्रथिन बनवते. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक आम्लाला एक अक्षर दिलं की माळेचा लांबलचक शब्द होतो. तो ओळखीच्या शब्दांशेजारी मांडायचा आणि अक्षरं कुठे, किती जुळतात ते मोजायचं. लांबवर जुळलं तर दोघांचं मूळ बहुधा एकच, आणि एका घराण्यातली प्रथिनं बरेचदा सारखी कामं करतात.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या रसेल डूलिटल यांनी हौसेने जमवलेल्या प्रथिनांच्या संग्रहात असा ताळा घेतला. माकडांमध्ये कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळलं ते आपल्याच रक्तातलं, जखम भरताना पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन! वाढीचा हुकूम चोरून वाटेल तेव्हा वाजवणारा विषाणू, असा त्याचा अर्थ. मायकेल वॉटरफील्ड यांचा इंग्लंडमधला गटही त्याच वर्षी याच निष्कर्षावर पोचला.

स्तनांच्या कर्करोगाशी जोडलेलं बीआरसीए-१ मात्र सहज बधलं नाही. १९९४ मध्ये ते सापडलं. त्याचं प्रथिन १,८६३ अक्षरांचं. सुरुवातीचा छोटा तुकडा ओळखीचा वाटला, पुढचा जवळजवळ सगळा मजकूर कशाशीच जुळेना. मग १९९६ मध्ये एका गटाने सांगितलं, की यात पेशीबाहेर स्रवणाऱ्या 'ग्रॅनिन' प्रथिनांची खूण आहे. ही खूण जेमतेम दहा अक्षरांची, त्यातलीही मोजकीच ठरलेली. एवढं साम्य तर कुठेही सापडेल. युजीन कूनिन, स्टीफन आल्टशुल आणि पीअर बोर्क यांनी त्याच वर्षी हिशेब मांडून हे साम्य ग्राह्य नसल्याचं दाखवलं. कसोटीवर पितळही क्षणभर चमकतंच की.

पण त्यांना शेपटाकडच्या भागात खरी जुळणी मिळाली, तीही पाव फुगवणाऱ्या यीस्टमधल्या आरएडी-९ या प्रथिनाशी. हे प्रथिन म्हणजे नाक्यावरचा पहारेकरी: डीएनए तुटला असेल तर पेशीचं विभाजन थांबवणारा. म्हणजे बीआरसीए-१ देखील तुटक्या डीएनएच्या बंदोबस्ताशी जोडलेलं असावं. हा अंदाज, पुरावा नव्हे. पण प्रयोग कुठे करायचे, हे त्यातून कळलं. या तुकड्याला पुढे बीआरसीटी हे नाव पडलं आणि डीएनए दुरुस्तीतल्या कितीतरी प्रथिनांत तो सापडत गेला.

पुढची कडी महाराष्ट्रात येते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अॅक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तिथले अशोक वर्मा यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह बीआरसीटीचा तुकडा सीटीआयपी या जोडीदार प्रथिनाला कसा पकडतो, याची रचना प्रसिद्ध केली. खारघरच्या त्यांच्या प्रयोगशाळेतही याच तुकड्यातल्या बदलांचा अभ्यास होत आला आहे.

या बदलांचा प्रश्न थेट रुग्णापर्यंत येतो. तपासणीच्या अहवालात कधीकधी एकच अक्षर बदललेलं दिसतं आणि ते घातक की निरुपद्रवी, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तेव्हा पुन्हा तीच रीत: उंदीर, कोंबडी, बेडूक यांच्या प्रथिनांत त्या जागी काय आहे ते पाहायचं. सगळीकडे तेच अक्षर टिकून असेल तर शंका बळावते. १,७७५ व्या जागेचं मेथिओनिन जाऊन आर्जिनिन आलं तर जोडीदाराला धरून ठेवणाऱ्या खाचेत अडथळा येतो आणि पकड सुटते. हा बदल कर्करोगग्रस्त कुटुंबांत आढळलेला आहे.