कॉकटेलची गाळणी : आधी कोणती घ्यावी?

शेकर हलवताना बर्फाचे बारीक तुकडे पडतात. ते ग्लासात गेले, की वितळत राहतात आणि पेय पांचट होते. त्यामुळे नवख्या बारटेंडरने आधी स्प्रिंगची हॉथॉर्न गाळणी घ्यावी. ती शेकरच्या तोंडावर बसवून तर्जनीने पुढे दाबली, की फट कमी होते आणि बर्फ अडतो.

डायकिरीसारख्या लिंबाच्या पेयासाठी तिच्याखाली बारीक जाळीची गाळणी धरावी. घरी चहाची स्वच्छ गाळणीही चालते.

मार्टिनी ढवळून केली जाते. तिच्यासाठी भोकांच्या चमच्यासारखी जुलेप गाळणी असते. मात्र मिक्सिंग ग्लासवर नीट बसली, तर हॉथॉर्ननेही काम भागते. म्हणून जुलेपची खरेदी नंतर केली तरी चालेल.

स्प्रिंगमध्ये लिंबाचा गर अडकतो. ती काढून धुवावी.