रेव्हिटमध्ये केबल ट्रे काढला, पण सपोर्टचं काय?

रेव्हिटमध्ये फिटिंगसह केबल ट्रेचा प्रकार निवडून ट्रे काढला, की वळणावरचे फिटिंग आपोआप बसतात. सपोर्ट मात्र येत नाहीत. त्यांची फॅमिली वेगळी ठेवावी लागते. ती राहिली, तर क्लॅश तपासणीत रॉड दिसतच नाहीत आणि साइटवर नेमका डक्ट आडवा येतो.

आता अंतर किती ठेवायचं? समजा, केबलसह ट्रेचं वजन मीटरला 40 किलो आहे. दर 1.5 मीटरला सपोर्ट दिला, तर मधल्या प्रत्येकावर साधारण 60 किलो येतात. त्यातला एक गाळला, की शेजारच्या दोघांवर 90-90 किलो! शिवाय अंतर दुप्पट झाल्याने ट्रेचा झोल साधारण 16 पट वाढू शकतो. म्हणून आधी उत्पादकाचा लोड चार्ट बघा, मगच सपोर्ट ठेवा.