पहिला तास नागरिकाचा : आर्थिक सायबर गुन्हे आणि बदलते पोलीस तपासकार्य

चोरी हा जुनाच गुन्हा. परंतु चोरी आणि फिर्याद यांच्यामधील काळाचे गणित गेल्या पंधरा वर्षांत मुळापासून बदलले आहे. घरफोडी करणाऱ्याला भिंत, कुलूप आणि रस्ता पार करावा लागत असे. मुद्देमाल घेऊन त्याला कोठेतरी जावे लागे, तो विकावा लागे आणि तेवढ्या अवधीत पोलिसांना नाकाबंदी करता येई, सराफकट्ट्यावर चौकशी करता येई. आजचा चोर घरात येत नाही. तो दूरध्वनीवर बोलतो, आपणच आपल्या हाताने त्याला पैसे पाठवितो आणि आपल्या लक्षात येईपर्यंत ते पैसे चार राज्यांतील खात्यांतून फिरून गेलेले असतात. कायदा व सुव्यवस्था राखणाऱ्या यंत्रणेपुढील आजचे सर्वांत मोठे आव्हान ते हेच. त्यात नागरिकाचा वाटा पूर्वी कधी नव्हता एवढा मोठा झाला आहे, हे समाजबांधवांच्या ध्यानी आणून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आकडे बोलके आहेत. सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये होती. २०२४ मध्ये ती सुमारे २२,८४५ कोटींवर गेली. ही माहिती केंद्र शासनाने संसदेत दिलेली आहे. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ! आणि हे आकडे केवळ नोंदल्या गेलेल्या तक्रारींचे होत.

वेग : सोय आणि संकट

ज्यांनी धनादेशाच्या काळात बँकेत काम केले, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. धनादेश जमा झाल्यापासून वटेपर्यंत दोन-तीन दिवस लागत. ग्राहक त्या विलंबाबद्दल कुरकुर करीत; पण तोच विलंब त्याचा राखणदारही होता. संशय आला तर ‘स्टॉप पेमेंट’चे पत्र देऊन रक्कम थांबविता येत असे.

२०१० मध्ये आयएमपीएस आले आणि रक्कम तत्क्षणी दुसऱ्या खात्यात जाऊ लागली. २०१६ मध्ये यूपीआय आले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस या सेवा अहोरात्र, सुटीच्या दिवशीही सुरू झाल्या. व्यापाराला याचा केवढा लाभ झाला, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ज्या रस्त्याने माल वेगाने जातो, त्याच रस्त्याने चोरही वेगाने पळतो. रविवारी रात्री अकरा वाजता गेलेली रक्कम सोमवारी बँक उघडण्याची वाट पाहत नाही.

गुन्हेगारांची पद्धतही ठरलेली आहे. पहिल्या खात्यात आलेली रक्कम काही मिनिटांत पाच-सहा खात्यांत विभागली जाते, तेथून आणखी वीस-पंचवीस खात्यांत. शेवटी ती एटीएममधून रोखीने, सोन्याच्या खरेदीत अथवा आभासी चलनात बाहेर पडते. प्रत्येक टप्प्यावर ती परत मिळण्याची शक्यता घटत जाते.

भीतीचा व्यापार

या गुन्ह्यांत सर्वांत क्रूर प्रकार तथाकथित ‘डिजिटल अटके’चा. आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आपले खाते काळ्या पैशाच्या व्यवहारात वापरले गेले, असे सांगून व्हिडिओ कॉलवर गणवेषातील ‘अधिकारी’ दर्शन देतो. कॅमेरा बंद करू नका, कोणालाही सांगू नका, अशी ताकीद मिळते. खोटे न्यायालय भरते, खोटे आदेश निघतात आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून ठेवी मोडून रक्कम एका खात्यात भरावयास लावली जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख, पद्मभूषण श्री. एस. पी. ओसवाल यांची याच पद्धतीने सात कोटींची फसवणूक झाली. त्यांच्यापुढे चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी करण्यात आली होती. तेव्हा त्यांचे वय ८२ होते. अर्धशतकाहून अधिक काळ उद्योग चालविलेली व्यक्ती यात सापडू शकते, तर ‘फसणारे भोळे असतात’ हा समज सोडून दिला पाहिजे. त्यांनी मौन धरले नाही, पोलिसांकडे तक्रार केली आणि सव्वापाच कोटी रुपये परत मिळविण्यात पोलिसांना यश आले. त्यांनी हे जाहीरपणे सांगितले, हेही तितकेच महत्त्वाचे.

कायदा काय सांगतो, ते प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने मनात पक्के करावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही. अटक झाल्यास कारण सांगावे लागते, नातेवाइकास कळवावे लागते आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. म्हणजे ‘कोणालाही सांगू नका’ हे वाक्यच खोटेपणाचा पुरावा होय. साठ वर्षांवरील पुरुषास अथवा कोणत्याही स्त्रीस साक्षीदार म्हणून जबाबासाठी राहत्या घराशिवाय अन्यत्र येण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि कोणतीही तपास यंत्रणा ‘पडताळणी’साठी आपले पैसे स्वतःकडे मागत नाही.

या प्रकारांचे गांभीर्य एवढे वाढले, की ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

१९३० : यंत्रणा कशी चालते

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने आर्थिक फसवणुकीच्या तातडीच्या तक्रारीसाठी २०२१ मध्ये एक व्यवस्था उभी केली. तिचा आजचा दूरध्वनी क्रमांक १९३०. या क्रमांकावर आपण रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा क्रमांक सांगितला, की ती माहिती संगणकाद्वारे आपल्या बँकेकडे आणि पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे पोहोचते. रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखली जाते. पुढे गेली असेल तर तक्रार तिच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे जाते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार नोंदवावयाची असते.

येथे शर्यत पैसा आणि तक्रार यांच्यात आहे. पोलीस अधिकारी पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो याच अर्थाने. हा तास ना पोलिसांच्या हाती असतो, ना बँकेच्या. तो सर्वस्वी नागरिकाच्या हाती असतो. पण नेमक्या याच तासात आपण काय करतो? लाजतो. मुले काय म्हणतील, समाजात हसे होईल, या विचारात रात्र जाते. सकाळी ओळखीच्या कोणाचा तरी सल्ला घेतला जातो. दुपारी शाखेत जाऊन अर्ज दिला जातो. तोवर पाखरू उडालेले असते.

बँकेला लेखी कळविण्याचेही महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचे दायित्व ठरवून दिले. ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याचे दायित्व शून्य धरले गेले. स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही स्थितींत प्रश्न एकच : कळविले केव्हा? म्हणून तक्रारीची पोच अवश्य घ्यावी.

पोलिसांच्या अडचणी

‘पोलीस काहीच करीत नाहीत’ असे म्हणणे सोपे आहे. त्यांच्या अडचणीही समजून घ्याव्यात. राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्यांचा विषय. फिर्यादी सांगलीचा, पैसे गेले ते खाते दुसऱ्या राज्यात, सिमकार्ड तिसऱ्या राज्यातले आणि बोलणारा कदाचित परदेशात. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना मायदेशी आणले. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमार सीमेवरील फसवणुकीच्या केंद्रांत त्यांना राबविले जात होते. दूरध्वनीच्या पलीकडचा माणूस कधी कधी स्वतःच बळी असतो, ही या गुन्ह्याची दुसरी काळी बाजू.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आपल्या वाचकांना आठवत असेल. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण सुमारे ९४ कोटींचे नुकसान झाले. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. त्यांपैकी बहुतेक येथे पैसे काढणारे हस्तक. परदेशातील सूत्रधारापर्यंत हात पोहोचणे किती कठीण, हे त्यावरून कळते.

शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार त्याखालील गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो. असे अधिकारी मोजके, तक्रारी लाखोंनी. पुराव्याचे स्वरूपही पालटले आहे. बँकेच्या खातेवहीची प्रमाणित प्रत न्यायालयात चालते ती १८९१ च्या कायद्यामुळे. आता संगणकीय नोंदीसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाखालील प्रमाणपत्र जोडावे लागते. ते अपुरे राहिले तर खरा पुरावाही दुबळा ठरतो.

तथापि चित्र केवळ निराशेचे नाही. नव्या संहितेनुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात हद्दीचा प्रश्न न काढता ‘शून्य’ क्रमांकाने गुन्हा नोंदविता येतो. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देऊन तीन दिवसांत स्वाक्षरी करता येते. झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पोलिसी वापरासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली, तर रिझर्व्ह बँकेच्या नवप्रवर्तन केंद्राने संशयित खाती ओळखणारी ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली.

व्यापाऱ्याचे गोठलेले खाते

या मोहिमेची एक बाजू आपल्या व्यापारी बांधवांना थेट भिडते. चोरीचे पैसे फिरता फिरता एखाद्या ग्राहकाने ते प्रामाणिक दुकानदाराला मालाची किंमत म्हणून दिले, तर साखळीतील पुढचे खाते म्हणून त्या दुकानदाराचे खाते गोठते. पाच हजारांच्या संशयित रकमेपायी पन्नास लाखांची उलाढाल थांबते. पगार अडकतात, दिलेले धनादेश परत जातात. अपराध नसताना पत जाणे, ही व्यापाऱ्याला मोठीच शिक्षा आहे. चोराला पकडण्यासाठी वेग हवा, हे खरे. पण निरपराध्याला दाद मिळण्यातही तेवढाच वेग हवा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत केवळ संशयित रकमेपुरताच प्रतिबंध ठेवण्याचा आदेश दिला, तो याच न्यायाने.

असा प्रसंग आल्यास घाबरून जाऊ नये. कोणत्या पोलीस ठाण्याच्या आदेशावरून आणि कोणत्या तक्रार क्रमांकावर खाते रोखले, हे बँकेकडून लेखी घ्यावे. त्या व्यवहाराचे बिल, जीएसटीची नोंद आणि माल पोहोचविल्याची पावती जोडून तपास अधिकाऱ्यास निवेदन द्यावे, प्रतिबंध वादग्रस्त रकमेपुरता ठेवण्याची विनंती करावी. न झाल्यास न्यायालयात दाद मागावी. ज्याची कागदपत्रे चोख, त्याचा मार्ग सुकर. अनोळखी व्यक्तीने ‘मी तुमच्या खात्यात पाठवितो, तुम्ही मला रोख द्या’ म्हटल्यास स्पष्ट नकार द्यावा.

खाते भाड्याने देणे : घरातील तरुणांसाठी

एवढे पैसे फिरविण्यासाठी गुन्हेगारांना हजारो खाती लागतात. ती कोठून येतात? महाविद्यालयीन तरुणांकडून, बेरोजगारांकडून, किरकोळ कमिशनच्या लोभाने. खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काही हजारांत दुसऱ्याच्या स्वाधीन केले जाते. ‘मी काहीच केले नाही, फक्त खाते दिले’ हा बचाव तपासात टिकत नाही. पैसे ज्याच्या नावावर आले, पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतात. भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्ह्यांच्या व्याख्येत सायबर गुन्ह्यांचाही अंतर्भाव आहे. पासपोर्ट, नोकरी, विवाह या सर्वांवर त्याची छाया पडते. बँकेतील खाते म्हणजे आपली स्वाक्षरी. ती भाड्याने देता येत नाही, हे घरातील मोठ्यांनी मुलांना समजावून सांगितले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी आजच कराव्यात. १९३० हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आणि दूरध्वनीशेजारी लिहून ठेवावा. मोठी ठेव मोडण्यापूर्वी किंवा अनोळखी खात्यात पैसे भरण्यापूर्वी घरातील एका ठराविक व्यक्तीशी बोलावयाचे, असा नियम करावा. भीती एकांतात वाढते आणि दुसऱ्याच्या एका प्रश्नाने ओसरते. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे : फसलेल्या माणसाला दोष देऊ नये. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातील पुढचा माणूस फसल्यावर गप्प बसतो. त्याच्या मौनाचा एकेक तास गुन्हेगाराच्या पदरात पडतो. कायदे कितीही कडक झाले आणि यंत्रे कितीही हुशार झाली, तरी पहिली हाक नागरिकानेच द्यावयाची आहे. ती निःसंकोच देता येईल एवढा विश्वास आपल्या माणसांना घरातच मिळाला पाहिजे.