काचेच्या पेटीतील तळे

जत्रेतून किंवा बाजारातून हौसेने आणलेला सोनमासा बहुधा फार दिवस जगत नाही. गोल काचेच्या भांड्यात पाणी स्वच्छ असते, तळाशी रंगीत खडे असतात, मुले दिवसातून तीनदा खाऊ घालतात. आणि तरीही आठ-पंधरा दिवसांत मासा एका कुशीवर तरंगू लागतो. घरची मंडळी मग माशाच्या नाजूकपणाला दोष देतात. वास्तविक सोनमासा हा चिवट प्राणी आहे. नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांहूनही अधिक जगतो. गोल भांड्यात तो मरतो तो पुष्कळदा स्वतःच्याच उत्सर्गाने विषारी झालेल्या पाण्यात.

माशाने खाल्लेल्या प्रथिनांतून जे टाकाऊ नत्र उरते, ते मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात उतरते. न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात त्याचा माग लागत नाही, कारण तेथे तो घेणारे अनेक असतात. काचेच्या भांड्यातील नितळ पाण्यात मात्र घेणारा कोणीच नसतो. म्हणून ज्याला मासे पाळावयाचे आहेत, त्याने आधी हे घेणारे पाळावयास हवेत. ते दोन प्रकारचे आहेत : पाणवनस्पती आणि सूक्ष्मजंतू. त्यांची सोय लावण्यास पैसा थोडा लागतो, धीर मात्र पुष्कळ लागतो.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली सुमारे बारा गॅलनांचे एक पात्र अर्धे पाण्याने भरले. तळाशी वाळू व चिखल घातला, काही दगड ठेवले, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचे एक रोप लावले आणि दोन लहान सोनमासे सोडले. वनस्पतींनी सोडलेला प्राणवायू माशांना पुरेल, ही त्याची अपेक्षा खरी ठरली. परंतु काही काळाने रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवे शेवाळ चढले. वॉरिंग्टनने त्यात तळ्यातील पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले, पाणी निवळले, आणि गोगलगायींची अंडी माशांना आयते अन्न झाली. हा वृत्तांत त्याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. चिखलाचा तळ, भरपूर वनस्पती, सफाई करणाऱ्या गोगलगायी आणि मोजके मासे ही त्याची मांडणी आजही स्वल्प खर्चाच्या मत्स्यालयाला जशीच्या तशी लागू पडते.

शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयात ठेवावयाची पेटी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असावी. तिच्यात सुमारे ४० लिटर पाणी मावते. याहून लहान पेटी स्वस्त पडते खरी, पण सांभाळण्यास कठीण. थोड्या पाण्यात तापमान आणि विषारी द्रव्ये दोन्ही झपाट्याने चढतात. जुनी पेटी मिळाल्यास उत्तमच. नवी करून घेताना काचा जोडण्याचे सिलिकोन बुरशीनाशक न मिसळलेले असावे. पेटी प्रथम पाण्याने भरून एक अहोरात्र ठेवावी व गळती पाहावी. माती, वाळू व पाणी यांसह तिचे वजन पन्नास किलोग्रॅमांच्या घरात जाते, तेव्हा मेज भक्कम हवे. काचेखाली थर्मोकोलचा एक तुकडा अंथरला म्हणजे मेजावरील उंचसखलपणाचा ताण काचेवर येत नाही. जागा उजेडाची असावी, परंतु तेथे ऊन तासन्‌तास पडता कामा नये.

तळाशी प्रथम बागेतील साध्या मातीचा दोन-तीन सेंटिमीटरांचा थर द्यावा. ही माती शेणखत वा रासायनिक खत न घातलेली असावी. खताच्या मातीतून एवढा अमोनिया सुटतो की सारा बेतच फसतो. माती चाळून काड्या व मुळे काढावी. तिच्यावर तेवढ्याच जाडीचा भरड वाळूचा थर पसरावा. वाळूच्या चिमटीवर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आल्यास तिच्यात चुन्याचा अंश आहे, आणि ती पाणी अधिकाधिक जड करील.

माती कशासाठी, हा प्रश्न अनेकांना पडतो; कारण दुकानात मिळणारे रंगीत खडे अधिक सुबक दिसतात. उत्तर वनस्पतींच्या अन्नात आहे. जमिनीवरील झाडाला कार्बन डायॉक्साइड वायू हवेतून सहज मिळतो. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, आणि पाण्यातील वनस्पती बहुतेक वेळा त्याच्याच तुटवड्याने खुंटते. धनिक हौशी लोक याकरिता वायूची नळकांडी बसवितात. साध्या मातीतील पालापाचोळ्याचा अंश कुजताना हाच वायू मंद गतीने, महिनोन्‌महिने, फुकट पुरवितो. शिवाय लोह, स्फुरद इत्यादी द्रव्येही मुळांपाशी ठेवतो. अमेरिकेतील डायाना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाणवनस्पतींवरील ग्रंथात या पद्धतीची शास्त्रीय बैठक मांडली, आणि तेव्हापासून मातीच्या तळाला पुन्हा मान मिळाला. मातीचा थर फार जाड झाल्यास मात्र आत प्राणवायू पोचत नाही व कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. अशा वेळी बारीक काडीने तळ ठिकठिकाणी हलकेच टोचावा.

वनस्पतींच्या निवडीत दुर्मीळ व नाजूक जातींचा मोह टाळावा. येथे हवी आहेत ती भराभर वाढणारी, कारण जी जोमाने वाढते तीच जोमाने अमोनिया शोषते. हायड्रिला सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. उपड्या नरसाळ्याखाली तिचे बुडबुडे मोजण्याचा प्रयोग शाळाशाळांतून होतो. यान इंगेनहाउस याने १७७९ साली दाखवून दिले की, असे बुडबुडे पाण्यातील पानांवर उन्हात येतात व अंधारात थांबतात. हायड्रिलाच्या जोडीला मुळे नसलेली, तरंगती सिरॅटोफायलम घ्यावी, आणि मागील बाजूस फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया लावावी. हिचा पुष्पसोहळा पाहण्याजोगा असतो : नरफुले तळाशी देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात आणि लांब देठावर वर आलेल्या मादीफुलाकडे वाहत जातात. तळाचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्याच दिवशी वनस्पतींनी भरलेला असावा. चार काड्या लावून बाकी हळूहळू वाढेल अशी आशा धरली, तर मोकळी जागा शेवाळ बळकावते. वनस्पती ओढ्यातून वा तळ्यातून आणल्यास आठवडाभर बादलीत ठेवून न्याहाळाव्या. चतुराची अळी त्यांच्यासोबत आली तर ती माशांच्या पिलांवर ताव मारते. लहान गोगलगायी बहुधा याच मार्गाने न बोलाविता येतात. त्यांना राहू द्यावे.

नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की त्यातील क्लोरीन बव्हंशी उडून जातो. तळावर एक बशी ठेवून तिच्यावर सावकाश धार धरावी, म्हणजे माती उसळत नाही. पहिल्या आठवड्यात पाणी चहाच्या रंगाचे होते, काही पाने गळतात; घाबरू नये, दोनतीनदा निम्मे पाणी बदलावे. सुमारे दहा वॉटचा एल.ई.डी. दिवा दिवसाकाठी आठ तास पुरेसा होतो.

आता सर्वांत अवघड भाग : चार ते सहा आठवडे पेटीत मासा सोडावयाचा नाही. बाहेरून पाहणाऱ्यास या काळात काहीच घडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात वाळूच्या कणांवर व पानांवर दुसऱ्या प्रकारच्या घेणाऱ्यांची वस्ती होत असते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने असे सूक्ष्मजंतू वेगळे करून दाखविले. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, ते माशाच्या रक्तातील तांबड्या द्रव्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते व रक्त तपकिरी होते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पतींना खाद्य म्हणून चालते. दोन्ही कामे करणारा एकच जंतू असू शकतो, हे २०१५ साली सिद्ध झाले. हे सर्व जंतू फार सावकाश वाढतात, आणि त्यांना उपाशी ठेवूनही चालत नाही; म्हणून रिकाम्या पेटीत एक दिवसाआड माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब दुकानात मिळतात. दोन्हींचे प्रमाण शून्यावर येऊन तेथेच स्थिरावले म्हणजे घर राहण्यास तयार झाले. या अवधीत पेटीवर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधणे अगत्याचे आहे. मासे नसलेल्या उघड्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास अंडी घालतात.

४० लिटरांत सोनमासा ठेवू नये. तो वाढतो आणि सर्व हिशेब मोडतो. या पेटीला साजेसा आहे तो चार सेंटिमीटरांचा, निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा. हा मूळ आपल्याकडचाच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले, आणि पुढे ऑरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्यामुळे तो आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांत जगभर पोचला. तो थव्याने राहतो, म्हणून सहा मासे एकदम सोडावे व पुढील पंधरा दिवस त्यांना अर्धपोटी ठेवावे. तो उडी मारतो, तेव्हा डासांसाठी ताणलेले कापड काढू नये.

यापुढील चुका बहुतेक ममतेच्या पोटी होतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न दिवसातून एकदा द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी बिघडत नाही. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर कोणी फिरकले नाही तरी निरोगी मासे गोगलगायींची अंडी व पानांवरील किडे टिपून राहतात. शिपायाच्या हाती खाद्याची डबी सोपविली जाते तेव्हाच खरा धोका असतो, कारण तो बिचारा मुलांपेक्षाही उदारपणे वाढतो. दर दोन आठवड्यांनी चतुर्थांश पाणी बदलावे. आटलेल्या पाण्यावर नुसती भर घालीत राहिल्यास क्षार साचत जातात.

उन्हाळा हा परीक्षेचा काळ. २० अंश सेंटिग्रेडला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. रात्री वनस्पतीही प्राणवायू खर्च करतात. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत असतील, तर मासे अधिक झाले आहेत किंवा खाद्य अधिक पडते आहे असे समजावे. तात्पुरता उपाय म्हणून थोडे पाणी बदलून ते उंचावरून धार धरून घालावे, अथवा हवेचा छोटा पंप रात्रीपुरता लावावा.

वनस्पती माजल्या म्हणजे छाटाव्या लागतात, आणि छाटलेल्या फांद्या जवळच्या ओढ्यात टाकण्याची बुद्धी होते. तसे कधीही करू नये. केरळातील कालव्यांत माजलेली कबोम्बा ही मत्स्यालयांच्या व्यापारातील वनस्पती आहे, आणि काचा साफ करण्यासाठी पाळला जाणारा, चूषक तोंडाचा परदेशी मासा आता देशातील अनेक जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत सापडतो. नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत द्यावे. छाटलेल्या फांद्या उन्हात वाळवून शाळेच्या बागेतील खतखड्ड्यात पुराव्या.