नाटकाचा हिशेब – लेखांक ४ : तिकीट कोण काढतं?

गेल्या आठवड्यात आपण प्रयोगाचा खर्च पाहिला : नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, कलाकारांची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. आता तिकीट खिडकीच्या बाहेरच्या बाजूला येऊ.

नाटकाचं तिकीट सहसा एकटा माणूस एकट्यासाठी काढत नाही. घरातलं कोणी तरी एक जण दोघांची, चौघांची तिकिटं काढतं. ५०० रुपयांच्या दराने चौघांचे २,००० होतात. रिक्षा आणि मध्यंतरातला बटाटावडा वेगळा. शिवाय रविवारची अख्खी संध्याकाळ जाते. नाटक पडलं तर घरी परतताना ऐकून घ्यावं लागतं ते तिकीट काढणाऱ्यालाच. त्यामुळे ‘नाटक चांगलं आहे का?’ यापेक्षा ‘आमच्यापैकी कोणी कुरकुरणार नाही ना?’ हा प्रश्न त्याला जास्त छळतो. तो तिकिटासोबत खात्री विकत घेत असतो.

ही खात्री सर्वात लवकर मिळते ती नावातून. अभिनेते प्रशांत दामले यांचं नाव जाहिरातीत दिसलं की कथानक काय आहे, हे अनेक जण विचारतही नाहीत. नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक ठळक छापतात, तोही याचसाठी. ‘३००वा प्रयोग’ याचा अर्थ एवढाच की, आधी पुष्कळांनी पैसे मोजले आहेत, तुम्ही पहिले नाही.

नाव नसेल तर शब्द लागतो, तोही विश्वासातल्या माणसाचा. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या मालवणी बोलीतल्या ‘वस्त्रहरण’ला सुरुवातीला फारसा प्रतिसाद नव्हता. पु. ल. देशपांडे यांनी त्याला मनापासून दाद दिली आणि मालवणी न समजणारा प्रेक्षकही मच्छिंद्र कांबळींची प्रमुख भूमिका असलेल्या या नाटकाकडे वळला. पुढे प्रयोग पाच हजारांच्या वर गेले. आज ते काम सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची एखादी मावशी करते. ‘आम्ही कालच बघून आलो, चुकवू नका’ हे तिचं वाक्य चार स्तंभी परीक्षणाला भारी पडतं, कारण तिची आवड आपल्याला ठाऊक असते.

त्यानंतर येतात घड्याळ आणि अंतर. बोरिवलीच्या माणसाला दादरच्या शिवाजी मंदिरात रात्री साडेआठचा प्रयोग म्हणजे घरी पोहोचायला मध्यरात्र, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. तेच नाटक बोरिवलीतल्याच प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात दुपारी चारला लागलं तर तो आई-वडिलांनाही घेऊन येतो. पार्किंग, जिने, स्वच्छतागृह यांची चौकशी ज्येष्ठांना सोबत नेणारे आधी करतात. नाटक उत्तम असूनही या कारणांनी रद्द झालेले बेत कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

मग दराचं काय? ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणून पुढच्या रांगांचा दर या आकड्याशी अडकलेला दिसतो. दरावरून प्रेक्षक बाल्कनीत बसायचं की पुढे, एवढंच ठरवतो. जायचं की नाही, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. उलट नव्या नाटकाची तिकिटं एकदम स्वस्त केली की ‘चालत नसेल’ अशी शंका येते. ज्याला खात्रीच नाही, त्याला सवलत देऊन ती मिळत नाही.

निर्मात्याची खरी कोंडी इथे आहे. बोलबाला व्हायला प्रेक्षक लागतात आणि प्रेक्षक यायला बोलबाला. पहिले दहा-पंधरा प्रयोग तोटा सोसून रेटायची ताकद असेल, तरच नाटक त्या मावशीपर्यंत पोहोचतं. तेवढा दम नसलेली कितीतरी बरी नाटकं प्रेक्षकांनी नाकारण्याआधीच बंद पडतात.

या कोंडीतून निघण्याची एक जुनी वाट म्हणजे अख्खा प्रयोगच मंडळाला किंवा संस्थेला विकणं. तिथे बघणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. त्या कंत्राटी प्रयोगांबद्दल पुढच्या आठवड्यात.