वीरगळाला रंग नको, पाणी हवं

सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात वेशीजवळ किंवा मारुतीच्या देवळामागे एखादा काळा कोरीव दगड उभा असला, तर तो बहुधा वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. गाई कोरलेल्या असतील तर गोधन सोडवताना गेलेला. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. कोपरात वळलेला, चुडा भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, म्हणून कोरीव काम हाच त्या माणसाचा एकमेव दाखला. एस. सेत्तर आणि गुंथर सोन्थायमर यांनी 1982 साली अशा स्मृतिशिळांवर मोठा ग्रंथ संपादित केला. सोन्थायमर तर धनगरांच्या परंपरेमागे महाराष्ट्रभर हिंडलेले.

या दगडांचं सर्वांत जास्त नुकसान गावाच्या प्रेमानं होतं, हे मला फार लागतं. जत्रा आली की ऑइल पेंट चढतो, बुडाशी सिमेंटचा चौथरा होतो. रंगाच्या थराखाली ओल कोंडते. सिमेंटमधले क्षार त्या ओलीबरोबर दगडात शिरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात.

सफाईचं काम सुरू करायचं ते फोटोंनी. संध्याकाळी बॅटरी बाजूनं तिरपी धरली की पुसट रेषाही उठून दिसतात. खडू किंवा पीठ चोळायची गरज नाही. मग बोटाच्या पेरानं हलकेच वाजवून पाहावं. पोकळ आवाज आला तर तिथं हातच लावू नये. दगड पक्का असेल तर साध्या पाण्यानं भरपूर भिजवावा. डाळिंबाच्या बागेतला फवारणीचा पंप सोयीचा, पण औषध मारलेला नको, आणि खारं बोअरचं पाणीही नको. मऊ नायलॉनच्या ब्रशनं खालून वर घासत जावं, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या दगडावर उमटत नाहीत. भिजून फुगलेलं दगडफूल बांबूच्या काडीनं सुटतं. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच, ग्राइंडर, गाड्या धुण्याचा फवारा यांपैकी काहीही वापरू नये. घाई झाली की शतकांची नक्षी एका दुपारी जाते.

ऑइल पेंट पाण्यानं निघत नाही. ते संवर्धकाचं काम. शेंदराची गोष्ट वेगळी. दगड पुजला जात असेल तर गावाला विचारल्याशिवाय शेंदूर खरवडू नये. त्या पूजेमुळेच तर तो फोडून बांधकामात गेलेला नाही.

आडवा पडलेला वीरगळ साखळी बांधून जेसीबीनं ओढू नये. रुंद पट्टे, लाकडाचे ओंडके आणि माणसं पुरतात. खड्ड्यात खडी आणि वाळू भरावी, म्हणजे पाणी निचरतं. तुकडे झाले असतील तर ते एकत्र ठेवून जाणकाराची वाट पाहावी. शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, म्हणून हलवण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवावं. शिवेवरचा दगड देवळाच्या आवारात आणून शोभेला मांडणं मला मान्य नाही. वीर कुठं पडला असेल, याचा माग त्या जागेवरूनच लागू शकतो.